दोन नावं, एक म्हैस

मी काही लिहावं एवढा माझा अधिकार नाही. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. पुस्तकात लिहितात तसं कसं लिहायचं हे मला अजून नीट कळत नाही. चुकलं तर सांभाळून घ्यावं. पण पॉइंटर म्हणजे काय हे मला ज्या पावसाळ्यात कळलं, तो पावसाळा सांगितल्याशिवाय मन हलकं होत नाही.

कोल्हापुरात दुसऱ्या वर्षाला होतो. लॅबमध्ये मी एका विद्यार्थ्याची माहिती साठवली. मग ती दुसऱ्या नावात घेतली आणि त्या दुसऱ्या नावातले गुण बदलले, तर पहिल्यातलेही बदलले. मला वाटलं मशीनच बिघडलं. मॅडमना विचारायचं धाडस होईना. हॉस्टेलवर माझ्याच खोलीत राहणारा मलकापूरचा मित्र शेजारी बसला होता. स्क्रीनकडं बघून म्हणाला, "कॉपी कुठं झालीया लेका? नुसतं दुसरं नाव ठेवलंयस. घरची म्हस कुणाला वाट्यानं दिलीया का न्हाय?"

दिली होती. कागलजवळच्या आमच्या गावात आईनं एक रेडी लहानाची मोठी केली होती. आई दिवसभर कामाला जायला लागली, वैरणपाणी बघायला घरात कुणी उरलं नाही, तेव्हा तिनं ती कुरुंदवाडला मामाकडं वाट्यानं लावली. जनावर आईचं, सांभाळायचं मामानं, आणि त्याचं काहीही करायचं तर दोघांनी विचारून. आई तिला चांदी म्हणायची, मामी गंगी. आता ती गाभण होती. व्याली की ती घरी आणायची आणि पुढचं रेडकू मामाला द्यायचं, असं ठरलं होतं. आईनं गोठ्यात नवा खुंटाही रोवून ठेवला होता.

"मामीनं गंगीला पेंड घातली तर चांदीचं पोट भरतंय का न्हाय?" मित्र म्हणाला.

"भरतंय की."

"मग झालं! नावं दोन, म्हस एक. मशीनला कशाला शिव्या देतोस?"

मी हसलो. आठवडाभर मला सगळं सोपं वाटत होतं.

मग मॅडमनी सी भाषेतले पॉइंटर घेतले. पॉइंटरमध्ये वस्तू नसते, ती जिथं आहे तो पत्ता असतो. घेतलेली जागा काम झालं की मोकळी करायची. मॅडम म्हणाल्या, "एकाच जागेचा पत्ता दोघांकडे असेल, तर ती मोकळी कोण करणार हे आधी ठरवा. नाहीतर दोघंही एकमेकांवर अवलंबून राहतात आणि जागा कुणीच मोकळी करत नाही."

त्याच दिवसांत पंचगंगा पात्राबाहेर आली. हायवे बंद झाला, आम्ही हॉस्टेलवर अडकलो. कुरुंदवाडला चारी बाजूंनी पाणी होतं. मामाचा फोन लागत नव्हता. आई रोज फोन करायची.

"काय कळलं का रं?"

"मामाची सगळी माणसं शाळेत हलवलीत म्हणं."

"माणसांस्नी न्हेणारच की. मी चांदीचं इचारलं."

मी म्हणायचो, परत फोन लावून बघतो. मग तीच सांगायची, "पाणी चढलं की समदी दावी कापत्यात. सोडली असंल तर जाईल पवत कुठंतरी. माझी म्हस हाय ती, मरायची न्हाय." खुंट्याजवळ तिनं कोरडा भुसा पसरून ठेवला होता. पोटुशी जनावर येणार, खाली ओल नको म्हणून.

पाणी उतरायला लागल्यावर अनोळखी नंबरवरून मला फोन आला. मामा होता. एरवी तो मला चेष्टेनं 'काय इंजिनेर पावणं' म्हणायचा. त्या दिवशी नुसतं "बाळा" म्हणाला.

"आईचा फोन लागत नाही का?" मी विचारलं.

"लागतोय. लावला न्हाय." मग म्हणाला, "माझी दोन्ही जनावरं सोडली व्हती. एक वरच्या माळावर घावली. आक्काच्या म्हशीला हात लावला न्हाय."

"का?"

"वाट्याचं जनावर, बाळा. मालकिणीला इचारल्याबिगर दावं कसं कापू? व्हावून गेली तर आक्काला काय तोंड दाखवू? सांजपतोर फोन लावत हुतो, लागला न्हाय. मग बचाववाल्यांनी आमालाच वढून नावंत घातलं."

"आता कुठं आहे ती?"

"खुंट्यालाच हाय," मामा म्हणाला. "दाव्यासकट. आक्काला तू सांग."