पिरेयसला जाणारी बॅग

एव्दोकिया सकाळपासून द्राक्षाच्या पानांत तांदूळ भरून करंगळीएवढ्या सुरळ्या वळत बसली होती. मिनासला डॉक्टरांनी पथ्य सांगितलं होतं, पण घरचे दोन घास पोटात गेले की माणूस लवकर सावरतो, असं तिचं ठाम मत. दुपारच्या बोटीनं ती पिरेयस शहराला निघणार होती, नवऱ्याला दवाखान्यातून घरी आणायला. आत पलंगावर बॅग उघडीच होती.

कासोस बेटावर बॅग भरावी ती एव्दोकियानंच. मिनास मालवाहू जहाजांवर इंजिनाचं काम बघायचा. आला म्हणेपर्यंत निघायचा, आणि दर वेळी त्याची बॅग तीच भरायची. ‘आमचा निम्मा संसार घड्या घालण्यातच झाला,’ असं तो चारचौघांत सांगायचा आणि तिचा फटका चुकवायचा. पुढे पुढे गल्लीतलं कुणीही शहरात निघालं की आधी तिच्याकडे यायला लागलं.

“शहराला ऋतू विचारू नये,” ती म्हणायची. भर उन्हाळ्यात दवाखान्याच्या खोलीत हुडहुडी भरते, आणि ऐन थंडीत दुपारी रस्त्यावर घाम फुटतो. म्हणून तळाशी सुती, त्यावर लोकरीचं, आणि शाल हाताशी. बोटीवरचा वारा काही महिना बघून वाहत नाही. आजाऱ्याकडे जाणाऱ्याच्या बॅगेत सुतकाचा काळा कपडा मात्र ती घालू द्यायची नाही. काळं बरोबर नेलं की ते घालायची वेळ येते.

दारावर टकटक झाली.

एव्दोकियाला हसू आलं. या गल्लीत दार वाजवतं कोण?

“उघडंच आहे! कुठले लाटसाहेब आलेत?”

दारात फोतिनी उभी होती, मिनासची धाकटी बहीण.

“अगंबाई, तू? रोज मांजरीसारखी आत शिरून पातेल्यावरचं झाकण उचलतेस, आणि आज टकटक?”

फोतिनी हसली नाही. “कालिओपीचा फोन आला होता.”

कालिओपी एव्दोकियाची लेक, बापाजवळ पिरेयसला होती.

“आईला सोडून आत्याला फोन?”

“तू उचलत नव्हतीस म्हणे.”

“या हातांनी उचलू? बरं, काय म्हणाली?”

“दादाचा राखाडी सूट आणायला सांग, म्हणाली.”

“सूट? अगं, टाके अजून ओले आहेत त्याचे. ढगळ पायजमा बरा. बोटीवर काय मिरवायचंय त्याला?”

“असू दे ना वहिनी. नीटनेटका दिसेल.”

“नवरदेवच की नाही तो!”

तरी तिनं हात पुसून सूट काढला, बाह्या मागे दुमडून घडी घातली. तेवढ्यात फोतिनीनं बॅगेतला पायजमा उचलून खुर्चीवर ठेवला. मग सपाता काढल्या.

“झालं! माझी घडी तुला जन्मात कधी पटली नाही. त्या सपातांनी तुझं काय घोडं मारलंय?”

फोतिनी कपाटाशी वाकली आणि खालचं खोकं घेऊन आली. “हे बूट घे.”

“हे? चावतात म्हणून त्यानं एकदासुद्धा घातले नाहीत.”

“म्हणूनच घे,” फोतिनी बोलून गेली.

एव्दोकियाचा हात तसाच राहिला. कोऱ्या तळाचे बूट या बेटावर माणसाला शेवटी चढवतात, आणि चढवणारे हात दुसऱ्याचे असतात. सासरे गेले तेव्हा एका पायात तिनं घातला होता, दुसऱ्यात फोतिनीनं.

ती पलंगाच्या कडेवर बसली. बराच वेळ तिला बॅगेत नुसताच हात फिरवत राहावंसं वाटलं. मग तिनं वर्तमानपत्राचा कागद घेतला, बूट तळाला तळ लावून गुंडाळले आणि सदऱ्याला लागणार नाहीत असे कोपऱ्यात बसवले. तिच्या हातून कागद तेवढा दोनदा निसटला.

“वहिनी, आज पहाटे दादा—”

एव्दोकियानं झटकन तिच्या तोंडावर हात ठेवला. फोतिनीचा तर तो पाठीराखा भाऊ. एव्दोकियानं दुसऱ्या हातानं तिला जवळ ओढलं.

“मी त्याला आणायला निघालेय, फोतिनी. एवढा प्रवास मला तसाच करू दे. धक्क्यावरच्या सगळ्यांना सांगून ठेव, पिरेयस येईपर्यंत मला कुणी काही सांगू नका.”