गावात समुद्र आणणारी कादंबरी

बीडच्या स्टँडवर मी एक हलकीफुलकी कादंबरी घेतली होती. मुखपृष्ठावर निळा समुद्र, वाळूत आरामखुर्ची, खुर्चीत काळा चष्मा लावलेली बाई. आत एका नामवंत नटघराण्यातली भांडणं. दोन भाऊ एकमेकांचं तोंड बघत नाहीत आणि बायकांची मधल्या मध्ये ओढाताण. दोन दिवसांत वाचून मी ती गावच्या वाचनालयात ठेवली. शाळेतून निवृत्त झाल्यापासून हे वाचनालय मीच चालवतो. खोली मात्र साहेबांची.

आमचे साहेब एका पक्षात, त्यांचे धाकटे भाऊ दुसऱ्यात. लिंबागणेशला दर्शनालासुद्धा वेगवेगळ्या वेळी जातात, म्हणजे गणपतीलाही अडचण नको. दोघांच्या बायका सख्ख्या बहिणी. गेल्या निवडणुकीपासून त्यांचंही येणं-जाणं बंद.

आठवड्याभरात वाचनालयात गर्दी झाली. लग्नपत्रिकेत स्वतःचं नाव शोधण्यापलीकडे ज्यांनी छापील अक्षराला कधी त्रास दिला नव्हता, ते कार्यकर्ते कादंबरी मागू लागले.

"गुरुजी, हे कशापायी ठेवलं? ह्यात सायबाचं घर हाय," त्यातला एक म्हणाला.

"अरे, त्यात समुद्र आहे."

"समुद्र म्हंजी आपला तलाव. आमाला काय कळत न्हाई व्हय?"

धाकट्यांच्या माणसांनी तर खलनायक म्हणजे मोठे साहेबच, असं चावडीवर जाहीर करून टाकलं. दहा पानांपुढे कुणी गेलं नव्हतं. यातल्या निम्म्यांना मीच वाचायला शिकवलं, याची मला लाज वाटली.

मग मोठ्या बाईसाहेबांचा निरोप आला, पुस्तक घेऊन बंगल्यावर या. आता खोली जाणार, ही कपाटं घेऊन मी कुठे जाऊ, असा विचार करत मी बंगल्यावर गेलो. त्यांनी पुस्तक ठेवून घेतलं आणि चार दिवसांनी परत बोलावलं.

"बाईसाहेब, खोलीचं काय?" मी विचारून टाकलं.

"खोलीला काय झालंय? गुरुजी, हे धाकटीला नेऊन द्या. माझ्याकडून आलं म्हनू नका, हितं लई कान हायेत."

मी ते धाकट्यांच्या बंगल्यावर पोचवलं. आठ दिवसांनी आणायला गेलो, तर धाकट्या बाईसाहेब पुस्तक मांडीवर घेऊनच बसल्या होत्या.

"आक्का बरी हाय का?"

"यात आक्का कुठून आल्या?" मी शब्दाला जागलो.

त्यांनी एक पान उघडून दाखवलं. वरचा कोपरा तीनदा दुमडलेला.

"ल्हानपनापासून अशीच दुमडती. माझ्या सगळ्या पुस्तकांचं वाटोळं केलं तिनं," त्या म्हणाल्या आणि पदर डोळ्यांना लावला.

पुस्तक परत न मागताच मी उठलो.