ही जोडी टिकणार नाही

लष्करानं आपला ट्रक का विकला, हा प्रश्न तो ट्रक घेण्याआधी विचारायचा असतो. मी आणि माझा मेहुणा पोपट, आम्ही तो घेतल्यावर विचारला. उत्तर ट्रकनं जागोजागी थांबून दिलं.

पंचाण्णव-शहाण्णवची गोष्ट. सुरतेत नवागामच्या आमच्या गल्लीत तो हिरवा डोंगर उभा असायचा (गल्लीतली सावली त्यानं दिली, ऊन-वारा त्यानंच अडवला). पलसाण्याच्या डाइंग मिलमधून कापडाचे ताके आणायचे, म्हणून घेतलेला. पोपट चालवायचा. मी मालक म्हणून शेजारी बसायचो आणि धक्का मारायला उतरायचो.

त्याच सुमारास माझ्या धाकट्या भावाचं, राजूचं, लग्न जमत आलं होतं. मुलगी अमळनेरकडची. तिच्या घरी शेवटचा शब्द मामांचा. ते रविवारी येऊन होय-नाही सांगणार होते. आणि मी निरोप धाडला होता, "स्टेशनावर आपला ट्रक घेऊन येतो."

शनिवारी इंजिनाचा पट्टा तुटला.

त्या इंजिनाला पंखा फिरवणारे दोन पट्टे शेजारी शेजारी होते. तुटला एक.

"दाजी, दोन्ही बदला," पोपट म्हणाला.

"तुटला तो बदलायचा. चांगल्याला कशाला हात लावायचा?"

"दादा, पोपटभाऊ बरोबर सांगतोय," राजूनं तोंड घातलं.

"तू नवरदेव आहेस. दाढी कर."

माझं म्हणणं शास्त्रोक्त होतं. आयुष्य मागावर गेलेलं. मागावर धागा तुटला तर तेवढाच जोडतात. एका धाग्यापायी शेजारचा कुणी तोडत बसलं, तर शेठ त्यालाच तोडेल. एक पट्टा तुटला, एक बदलायचा. मी ठाम होतो. (माझ्या घरच्यांना या शब्दाची तेव्हापासून धास्ती आहे.)

रविवारी सकाळी मी बॉनेट उघडून आत कमरेपर्यंत शिरलो. डायनामो ढिला केला, नवा पट्टा चढवला, पहारीनं डायनामो बाहेर रेटून ताण दिला. नवा सतारीच्या तारेसारखा ताठ झाला. जुना लोंबत राहिला.

"एक ताठ, एक ढिला," पोपट ट्रकखालून म्हणाला. "ही जोडी टिकणार नाही, दाजी."

"ढिला असला म्हणून काय झालं? दुसरा ओढून नेईल."

"किती दिवस ओढेल? हा नुसता सोबत फिरेल. सगळा भार एकट्यावर. दोघं एकाच घरचे असते, तर गोष्ट वेगळी."

"अरे, मला कुठं जन्मभर चालवायचंय? आज मामांसमोर निभलं म्हणजे बास. मामा गाडीत बसले की मग तुटू दे, जळू दे. दुसरा आणू."

तेवढ्यात बायको चहा घेऊन दारात आली आणि तिनं झटकन डोक्यावर पदर घेतला. पोपटसाठी म्हणजे तिच्या सख्ख्या भावासाठी ती पदर घेईल, हे शक्य नव्हतं.

"अहो," ती बारीक आवाजात म्हणाली, "बाहेर या."

बाहेर आलो. चाकाच्या सावलीत, पिशवी मांडीवर घेऊन, पांढरी टोपी घातलेले मामा बसले होते. पहाटेच्या पॅसेंजरनं आले होते. आम्हाला उगाच त्रास नको, म्हणून स्टेशनावरून चालत.

"मंग पाव्हणा," मामा शांतपणे म्हणाले, "जोडी टिकावच नही, तं आमले बलावं कसाले?"

मी पट्टा, पंखा, डायनामो, सगळं एका दमात सांगितलं. पण ढिला कोण आणि भार कुणावर, हे मामांच्या मनात आधीच पक्कं बसलं होतं.

"पोपट, मार सेल्फ. मामांना डोळ्यांनी दाखवू."

"दाजी, मी काय म्हणतो..."

"मार."

इंजिन गरजलं. मामा पाहायला वाकले. नवा पट्टा एकट्यानं पंखा ओढू लागला, जुना शेजारी थरथरत नाचू लागला. मी अभिमानानं बोट दाखवलं. त्याच क्षणी जुना उडी मारून नव्याच्या खाचेत घुसला, नवा फाटला, आणि दोघांनी मिळून मामांची टोपी उचलून समोरच्या गटारात नेऊन ठेवली.

राजू आतून धावला. त्यानं इंजिन बंद करायला लावलं, गटारातून टोपी काढली, नळाखाली धुतली आणि मामांपुढं धरली.

"तुले काय वाटस?" मामांनी त्याला विचारलं.

"मी कालच सांगितलं होतं, मामा. दोन्ही एकदम बदलायला पाहिजेत. दादा ऐकत नाही."

मामांनी ओली टोपी घडी करून पिशवीत ठेवली. मग एकदा राजूकडं पाहिलं, एकदा ग्रीसनं माखलेल्या माझ्याकडं.

"पोऱ्या शहाना शे. लगीन पक्कं," ते म्हणाले. "पन येक अट शे. दोन्हीजन तुमनापाईन येगळं ऱ्हातीन."

लग्न झालं. राजूनं इच्छापोरला कारखान्याजवळ खोली घेतली. सासरी वेगळं घर मागायला सुनांची हिंमत होईतो केस पांढरे होतात; आमच्या धाकट्या भावजयीला ते मी साखरपुड्याच्याही आधी मिळवून दिलं. हे उपकार ती विसरलेली नाही. दिवाळीला फराळाचं पहिलं ताट मलाच वाढते. मी खाऊन उठेतो राजू आपल्या स्कूटरवर जाऊन बसतो, मी पाना घेऊन तिच्याकडं वळीन या धास्तीनं.