खाली तीन बदाम

हातात दोन एक्के असताना पत्ते टाकून देणारी बाई मी आयुष्यात एकच पाहिली, आमच्या शेजारच्या पॅकमावशी. खरं नाव निराळं, पण डाव सोडताना त्या इतक्या ठसक्यात "पॅक!" म्हणायच्या की तेच नाव पडलं.

गंगापूर रोडवरच्या आमच्या बिल्डिंगमध्ये रविवारी दुपारी आम्हा बायकांचा पोकर चालायचा. मावशींना तो नातवाने शिकवला, आम्हाला मावशींनी. प्रत्येकीच्या हातात दोन पत्ते, मध्ये सगळ्यांसाठी पाच उघडे. पैसे नाहीत, बोली बेदाण्यांची. तिथेच तर घोळ! "बेदाणेच तर आहेत," म्हणत मावशींशिवाय कुणी डाव सोडायचंच नाही. मी तर बोली लागायच्या आधीच निम्मे खाऊन टाकायचे.

एकदा माझ्याकडे काही म्हणजे काही नव्हतं. मूठभर बेदाणे पुढे सारले, म्हटलं आता घाबरतील सगळ्या. कसचं काय! चौघींनीही तेवढेच टाकले आणि माझं हसं झालं. मावशी म्हणाल्या, "अगं, जिला हरायची भीतीच नाही तिला काय घाबरवशील? समोर एकटी असेल तर मार थाप. चौघी असल्या की खरा पत्ता हवा."

त्या एक्क्यांचंही तसंच. "खाली तीन बदाम, समोर चार बायका. कुणाकडे तरी आणखी दोन बदाम असणारच. पाच बदाम जमले की एक्क्यांची जोडी हरते. मग माझे एक्के काय चाटायचेत?" आणि खरंच, ते दोन बदाम पाटीलवहिनींकडे निघाले.

मग मावशी बाथरूममध्ये घसरल्या. खांदा मोडला. तो जरा बरा होतोय तोच दोन्ही मुलगे आणि सुना पुण्याहून आले, ते ठरवूनच: फ्लॅट विकायचा, आईला न्यायचं. मावशींना काही झालं तरी हे घर सोडायचं नव्हतं. मी चहा घेऊन गेले, तर चौघं एका बाजूला आणि मावशी एकट्या. मला वाटलं, आता म्हणतील, "मला काही धाड भरलेली नाही."

"स्कूटर बंद," थोरला म्हणाला.

"पॅक."

"स्टुलावर चढायचं नाही."

"पॅक."

"गच्चीवर पापड घालायला जायचं नाही."

"पॅक." एवढं सहज सोडतायत म्हटल्यावर सुना एकमेकींकडे बघायला लागल्या.

"आणि हे घर..."

"थांब. आधी बाथरूम बघून ये. भिंतीला धरायला दांडे बसवलेत. चांदवडची माझी भाची सुमन इथे नर्स म्हणून लागलीय, ती उद्यापासून आतल्या खोलीत राहायला येतेय. हे माझे पत्ते. आता तुमचे दाखवा."

थोरला गेला, दांडा गदागदा हलवून आला आणि हसायलाच लागला. "आई, पॅक."

मावशी शेवटपर्यंत त्याच घरात राहिल्या. गेल्या उन्हाळ्यात गेल्या. रविवारी त्यांची खुर्ची दिसली की अजून रडू येतं मला. मुलांनी घर विकलं नाही. सुमन तिथेच राहते, आमच्यात खेळते आणि माझ्यासारखेच बेदाणे खाते.

परवा माझ्या मुलाचा फोन आला. "आई, आम्ही तिघं भावंडं येतोय. तुझ्याशी जरा बोलायचंय." त्याचा आवाज ऐकूनच काय ते कळलं. या म्हटलं, अवश्य या. फोन ठेवला आणि सुमनला हाक मारली.

"काय गं, तुझ्या मावशीने ते दांडे कुणाकडून बसवून घेतले होते?"