दाजींची काजूची बाग

मंगळवार पेठेत आमच्या दाजींची मटणाची खानावळ आहे. तिथला तांबडा रस्सा पिऊन मलकापूरच्या एका पावण्याच्या टकलावर केस उगवले, हे मी स्वतः पाहिलंय. आयकराच्या कागदावर मात्र दाजी आजऱ्याचे काजू बागायतदार. शेतीच्या उत्पन्नाला कर नाही, म्हणून रश्शाचे पैसे काजूच्या नावावर. बाग म्हणजे नुसता कातळ. वाचलेल्या पैशातून खानावळीवर मजला चढवायचा होता, आणि नेमकं आयकर कार्यालयातून बोलावणं आलं. धीर द्यायला दाजींनी मला सोबत नेलं.

साहेबांनी संगणक आमच्याकडे वळवला. आकाशातून काढलेला फोटो. काळा कातळ, त्यावर एक म्हैस.

"ही बाग?"

"म्हैस आमची न्हाय," दाजी म्हणाले. नाहीतर दुधाचं उत्पन्नही गळ्यात पडायचं.

"झाडं कुठायत?"

"पानगळ चाललीय, साहेब."

काजूची पानं अशी झडत नाहीत हे साहेबांना ठाऊक नसावं, म्हणून मी अंबाबाईला नारळ बोललो. साहेब आजऱ्याचेच निघाले.

मग त्यांनी एकेक काढलं. गिऱ्हाइकांनी फोनवरून भरलेले पैसे, बँकेतून मटणवाल्याला गेलेले पैसे, गॅसच्या टाक्या. सगळं एकमेकांशी जुळत होतं.

"घरात खाणारी तोंडं लई हायत," दाजी म्हणाले. हलायला तयार नाहीत.

साहेबांनी चष्मा पुसला. "राहू द्या. तसा धंदा काही फार दिसत नाही. शहरात तुमचा तिसरा नंबर लागतो."

दाजींच्या कानातून वाफ आली. पंख्यानं ती खोलीभर पसरवली.

"तिसरा?"

"तिसरा."

"रोखीचं धरलंसा काय त्यात?"

मी टेबलाखाली त्यांचा पाय असा दाबला की कापशी चपलेचा अंगठा तुटून माझ्याकडे आला.

"रोखीचं आम्हाला कुठून दिसणार?"

"मग लिवा की!"

दाजी सांगत गेले, साहेब लिहीत गेले. दोनदा शाई संपली. कर लागला, दंड लागला, वरचा मजला गेला. सही करून दाजींनी विचारलं, "आता कितवा?"

"पहिला," साहेब म्हणाले.

बाहेर बाकावर पलीकडच्या पेठेतला खानावळवाला घाम पुसत बसला होता. त्यालाही बोलावणं आलेलं. एका पायात चप्पल घालून दाजी त्याच्यापाशी गेले आणि प्रेमानं त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"आत तुला चौथा म्हणत्यात."