रिकामी मूठ

जवळा बाजारच्या सरकारी दवाखान्यासमोर, लिंबाच्या सावलीत एक धनगर बायकोला घेऊन बसला होता. तिला टीबी झालेला. गोळ्यांबरोबर सरकारकडून पोषण आहाराची पिशवी मिळाली होती. त्यातले शेंगदाणे त्यानं घोंगडीवर ओतले. पण नवऱ्याच्या आधी तिनं कधी खाल्लं नव्हतं, ती हातच लावीना. मग त्यानं मूठ भरून तोंडाला लावली आणि मिशा हलवत चावू लागला. तेव्हा कुठं तिनं दोन दाणे उचलले.

आजारी बायकोचा खुराक खातो, म्हणून शेजारी बसलेल्या मला रागच आला. तेवढ्यात त्यानं मूठ ढिगावर उघडली. सगळे दाणे तसेच खाली पडले. मी पाहिलं हे कळल्यावर तो माझ्या कानाशी लागला. "गप ऱ्हावा, भाऊ. तिला कळलं तर खायची न्हाई."

तो नळावर पाणी आणायला गेला. ती खाली मान घालून चावतच होती.

"दादा, त्यायला सांगू नका," ती हळूच म्हणाली, "मला समदं दिसून राहिलं म्हणून."

आणि तिनं चांगले मूठभर दाणे उचलले.