खापरावर न पडलेला मांडा

दूध उतू गेलं की कोकिळावहिनी आधी माझ्याकडे बघते, मग गॅसकडे. कुलूप लावून अर्ध्या गल्लीतून परत येते. कप हातात धरून कप शोधते. बोलता बोलता "ते... ते आपलं" म्हणून गप्प होते.

राजपुऱ्यात आमची घरं शेजारी. मी एम.ए. करत होते तेव्हा माझी कविता तिला एकदा ऐकून पाठ व्हायची. आता ती माझं नाव आठवायला थांबते.

तिचे सासरे अंथरुणाला खिळलेले. रात्री त्यांची कूस बदलायला तीच उठते. सासू सोजरबाई म्हणतात, "हिचं ध्यानच नाही."

शेवटी मी तिला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी सांगितलं, "डोक्यात धुकं भरल्यासारखं होतं ना? लक्ष टिकत नाही, शब्द सापडत नाही. हा वेगळा आजार नाही, लक्षण आहे. झोप तुटणं, ताण, अंगात रक्त कमी, थायरॉईड, बी-बारा, कुठलंही कारण असू शकतं. सकाळी उपाशीपोटी रक्त तपासा."

पण सकाळ तिची नव्हतीच. एकदा निघालो, तर सवयीने चहा पिऊन बसली होती. एकदा सासऱ्यांची चादर बदलण्यात वेळ गेला.

आखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या सणाला, नणंदा माहेरी आल्या. मांड्यांचा बेत ठरला. त्या सकाळी रक्त द्यायचं म्हणून वहिनी उपाशी होती. मी स्कूटी घेऊन दारात.

"मांडे झाले की जा," सोजरबाई म्हणाल्या.

अंगणात चुलीवर मांडे भाजायचं मातीचं पालथं खापर तापलेलं. वहिनीने पुरण भरलेला कणकेचा उंडा हातांवर घेतला. मांडा पसरत कोपरापर्यंत आला. आणि ती थांबली.

"टाक ना वं! खापर जळतंय," सोजरबाई म्हणाल्या.

"वहिनी, हँग हो गई क्या?" धाकटी नणंद रश्मी हसली.

दोन्ही हात मांड्याखाली. हलवले तर फाटणार. घाम डोळ्यांत उतरला, पुसता येईना. ती हळूच मला म्हणाली, "भूमी, याच्यापुढे काय करतात गं?"

रश्मीचं हसू थांबलं. मांडा मधोमध फाटला. पुरण साडीवर पडलं.

"चल," वहिनी मला म्हणाली.

"आन मांडे?"

"मला येत नाहीत आता, आई."

लॅबमध्ये सुई टोचण्याआधी तिच्या कोपरावरची वाळलेली कणीक ओल्या कापसाने पुसावी लागली.

परत आलो. परातीत ओल्या फडक्याखाली उंडे वहिनीची वाट बघत तसेच होते. चुलीत कुणीतरी नवीन लाकूड सारून ठेवलं होतं.